निळे चिंचोके

— तिथंच, उंबरठ्यापाशी बस, धनीबाई. दारूच्या दुकानात बाया नाही बसत. अन् ते भिंतीवरची पाटी पायतं का? सरकारी भावापेक्षा सस्ती दारू इकू नये, फुकट पेला देऊ नये — नाही तं ठेका रद्द. बारा वर्सं झाली, रोज सकाळी मीच पुसतो ते. या पुंजाजीनं कधी कमी भावात इकली? कधीच नाही! आता चिंचोका देनं म्हंजे काय दारू देनं हाय? दोन पेल्यांवर एक चिंचोका — निळीत बुडवून वाळवलेला, नाही तं लोकं घरचेच आनतीन — अन् पाच जमले का एक पेला. मंग काय करू? मेडशीचा नवा दुकानदार दारूसंग चने देऊन राह्यला. गिऱ्हाईक तिकडं पळालं, अन् मी जऊळक्यात माशा मारू?

रडू नको. तुहा सोमला काय लेकरू होता? मीच म्हनलं त्याले — आता तुले सांगाले काय हरकत — चार झाले सोमला, अजून दोन पेले मार, पाचवा घे, उद्या फुकट पी. धड उभं राहता येत नोतं, पन दोन्ही रिचवले गड्यानं! लोकं हासले. मी बी हासलो. मंग नाल्यात पालथा पडला, तं तो काय म्या पाडला? टोंगळाभर बी पानी नोतं. तेवढ्यात मरनाऱ्याले काय म्हनावं?

आता आयक. दुपारच्या गाडीनं अबकारीचे साहेब येऊन राह्यले. इचारलं तं म्हन — माहा मानूस घरूनच पिऊन गेलता. अन् त्याच्या धोतराच्या गाठीतले चिंचोके आन इकडं. मूठ उघड. उघडतं का बोटं मोडू? — हां. शायनी हाय तू.

हे पाय, चुलीत टाकतो. एक. कसा तडकला! दोन. चितेले लाकडं तरी पुरली का व, का अर्धाच जळाला? तीन. चार —

पाचवा?

पदर झटक. दुसरा हात दाखव. पाचवा कुठी हाय, धनीबाई? अशी टक लावून काय पायतं — तोंडात हाय का? आ कर —

या, साहेब! या ना. गाडी लवकर आली वाटते. काही नाही, गावातली बाई हाय, मानूस मेला तिचा, डोकं फिरलं — ऊठ व, जाय घरी. पाटी पायली ना साहेब? रोज पुसतो मी ते. बसा. पानी आनू?

साहेब — तुमच्या चिमटीत ते निळं काय हाय?