पाडव्याच्या मुहूर्ताला गिरणी चालू होती

पोलीस ठाणे गोंदिया, तहसील गोंदिया, जिल्हा भंडारा.
तारीख २८ नोव्हेंबर १९५७, वेळ सकाळी साडेदहा.

नाव दुधराम सोमा मेंढे, वय ४१ वर्षे, धंदा राईस मिलमध्ये बॉयलरवर फायरमन, शिक्षण मराठी तिसरी, राहणार कुडवा, तहसील गोंदिया.

ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी बायको व दोन मुलींसह राहतो. सेठ मुन्नालाल यांच्या राईस मिलमध्ये मी अकरा वर्षांपासून बॉयलरवर आहे. कोंडा जाळून वाफ तयार करणे व इंजिनाला वाफ सोडणे हे माझे काम आहे. त्याच गिरणीत यादोराव बिसन कटरे, वय अंदाजे ५०, हे मिस्त्री आहेत. इंजिन, शाफ्ट, पट्टे व धान भरडायचा हलर त्यांच्या ताब्यात असतात. मला कामाला त्यांनीच लावले. आमचे भांडण किंवा देणेघेणे नाही.

गिरणीचे मुनीम चुन्नीलाल यांनी तारीख २५ नोव्हेंबर रोजी या ठाण्यात दिलेला अर्ज मला वाचून दाखवला. अर्जात असे आहे की, दिवाळीच्या पाडव्याला गिरणी बंद होती, यादोराव पूजेला पाहुणे म्हणून आले, त्यांनी दारू पिऊन विनापरवानगी यंत्र चालू केले व त्यात पट्टा तुटून नुकसान झाले. हा मजकूर खोटा आहे. पट्टा तुटला ती तारीख २४ ऑक्टोबर. मुनीमजींना पट्टा आठवायला एक महिना लागला. यादोराव मिस्त्री यांचा उजवा हात त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात कोपराच्या वरून कापावा लागला. अर्जात पट्ट्याची लांबी लिहिली आहे. हाताचा उल्लेख नाही.

पाडव्याच्या मुहूर्ताची रीत अशी. हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या धानाची पहिली पोती आली की पाडव्याला यंत्राची पूजा होते व पहिले धान भरडले जाते. निघालेला पहिला तांदूळ सेठजींच्या घरच्या बाया पितळेच्या परातीत घेऊन देवघरात नेतात. त्या दिवसाची हजेरी लागत नाही. मजुरी कोणी मागत नाही व देऊ केली तरी घेत नाही. मुहूर्ताची मजुरी घेतली तर साल खराब जाते असे आम्ही मानतो. मिस्त्रीला सेठजी स्वतः टिळा लावतात, नारळ देतात व गळ्यात जरीचा दुपट्टा घालतात. पहिला तांदूळ निघेपर्यंत दुपट्टा उतरवायचा नाही. हे मी अकरा वर्षे पाहत आलो.

तारीख २३ रोजी संध्याकाळी मुनीमजींनी मला सांगितले, "दुधराम, सुबह पाँच बजे आग डालना. नौ बजे का मुहूरत है, भाप पूरी चाहिए." त्याप्रमाणे मी पहाटे पाच वाजता भट्टी पेटवली. पाणी तापून वाफ भरायला साडेतीन तास लागतात. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला बंद गिरणीत येऊन इंजिन चालवता येत नाही, कारण वाफ अगोदरच कोणीतरी तयार करावी लागते. ती मी केली. नऊ वाजता सेठजींनी हाताने इशारा केला तेव्हा मी भोंगा वाजवला. तो कुडव्यापर्यंत ऐकू गेला. माझ्या बायकोने घरी ऐकला.

यादोराव मिस्त्री साडेआठला आले. पूजा व्हायची म्हणून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता. मी त्यांच्याजवळ हातभर अंतरावर उभा होतो. दारूचा वास नव्हता. उदबत्तीचा होता.

गिरणीत रोजचा नियम असा की पट्ट्याजवळ अंगावर सैल कपडा ठेवायचा नाही. हा नियम यादोरावांनीच घातलेला आहे. माझ्या खांद्यावर गमछा दिसला की ते ओरडत, "उतरव तो गमछा! पट्ट्याले जावई करून घ्यायचा आहे का तुले?" रेजांना, म्हणजे कामावरच्या बायांना, ते पदर खोचायला लावत. एकदा मुनीमजींच्या धोतराचा सोगा लोंबत होता तर त्यांनाही पट्ट्यापासून मागे सारले होते.

त्या दिवशी दुपट्टा गळ्यात पडल्यावर ते मला म्हणाले, "काय दुधराम, आज तं नवरदेवच झालो गा." मी म्हणालो, "मिस्त्री, नवरी कोठी आहे?" त्यांनी हलरकडे बोट दाखवले. सगळे हसले, सेठजीही हसले.

शाफ्टवर दोन चाके शेजारी असतात. एक रिकामे फिरते व दुसरे हलर चालवते. पट्टा बांबूने रिकाम्या चाकावरून चालत्या चाकावर सरकवावा लागतो. हे करताना वाकावे लागते. पट्ट्यापुढे एरवी लाकडी कठडा असतो. तो पूजेचा चौरंग ठेवायला जागा हवी म्हणून आदल्या दिवशी मुनीमजींनी काढायला लावला होता. यादोरावांनी बांबू हातात घेतला व दुपट्टा गळ्यातून काढून खुंटीवर ठेवायला लागले. तेव्हा सेठजी म्हणाले, "अरे मिस्त्री, मत उतारो, अपशकुन होता है. पहला चावल निकलने दो." यादोराव म्हणाले, "सेठजी, पट्टे के पास कपडा ठीक नहीं." सेठजी म्हणाले, "एक मिनट का तो काम है." यादोरावांनी दुपट्टा परत गळ्यात टाकला. हे शब्द मी स्वतः ऐकले. मुनीमजी माझ्या शेजारीच नारळाची टोपली धरून उभे होते. त्यांनी ऐकले नाही असे होणार नाही.

पट्टा सरकताना दुपट्ट्याचे टोक पट्टा व चाक यांच्यामध्ये गेले. यादोराव ओढले गेले. त्यांनी गळा सोडवायला उजवा हात घातला. गळा सुटला. मी वाफ बंद केली. वाफ बंद केली तरी चाक लगेच थांबत नाही, वजनाने फिरत राहते. किती वेळ फिरले ते मी सांगू शकत नाही. पट्टा त्यानंतर तुटला.

आम्ही त्यांना बैलगाडीत घालून दवाखान्यात नेले. परत आलो तेव्हा जमीन धुतलेली होती व परातीत तांदूळ नव्हता, म्हणून दुसऱ्या इंजिनवाल्याला बोलावण्याची बोलणी चालू होती. पट्टा जोडून मुहूर्त दुपारी पुन्हा झाला. भट्टी मीच चालवली. ते मी केले नसते तर बरे झाले असते.

तारीख २ नोव्हेंबर रोजी नागपूरहून विमा कंपनीचे एक साहेब सेठजींच्या गादीवर, म्हणजे पेढीवर आले. सेठजींनी गिरणीच्या कामगारांच्या अपघाताचा विमा त्या कंपनीकडे उतरवला आहे, हे मला तेव्हा प्रथम कळले. अकरा वर्षांत आम्हाला कोणी सांगितले नव्हते. साहेबांनी हजेरीबुक पाहिले. २४ तारखेच्या रकान्यात काही नव्हते. त्यांनी मला विचारले की त्या दिवशी यादोराव कामावर होता का. मी सांगितले, "साहेब, मुहूर्ताले कोनी काम म्हणत नाही. तो मान आहे. त्याची मजुरी घेत नाही." साहेबांनी पुन्हा विचारले, "म्हणजे कामावर नव्हता?" मी म्हणालो, "मानानं आले होते." साहेबांनी लिहिले व माझी सही घेतली. सेठजींनी मला चहा पाजला. गादीवर बसवून चहा पाजण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याचे कारण तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

दुपट्टा उतरवू दिला नाही व कठडा काढला होता, हे मी साहेबांना सांगितले नाही. त्यांनी विचारले नाही. पण मला सांगता आले असते. यादोरावांचा मोठेपणा सांगतो आहे असे मला वाटत होते. त्याच संध्याकाळी दवाखान्यात जाऊन मी त्यांना म्हणालो, "मिस्त्री, साहेबाले सांगतलो, का तुमी मजुरीसाठी नाही आले होते, मानासाठी आले होते." त्यांची बायको शामकलाबाई डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी डब्याचे झाकण लावले.

तारीख १४ नोव्हेंबर रोजी मुनीमजींनी यादोरावांच्या घरी जाऊन सांगितले की कंपनीने हात वर केले आहेत, कारण अपघात कामावर झाला नाही व साक्षीदारानेच तसे लिहून दिले आहे. कंपनी देत नाही म्हणून सेठजीही बांधील नाहीत. गिरणीत दुसरा मिस्त्री ठेवला आहे.

तारीख १८ रोजी शामकलाबाई भंडाऱ्याला वकिलाकडे गेल्या व संध्याकाळी परत आल्यावर स्टेशनवरून थेट माझ्या घरी आल्या. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, काऊन असा सांगितलात?"

मी म्हणालो, "वहिनी, रीत तेच आहे. मी खोटा नाही बोललो."

त्या म्हणाल्या, "खोटा नाही बोललात. पर खरा पुरा नाही बोललात. दुपट्टा कोनं घातला? भट्टी कोनं पेटवाले लावली? तांदूळ कोनाच्या घरी गेला?"



वकिलांनी त्यांना जे समजावले ते त्यांनी मला सांगितले. मजुरांच्या नुकसानभरपाईचा कायदा इंग्रजांच्या वेळेपासून आहे. मालकाच्या कामात व त्या कामामुळे इजा झाली तर भरपाई मालकाला द्यावीच लागते. नागपूरच्या गिरण्यांत सरकारी कामगार विमा सुरू झाला आहे, तो इकडे अजून आला नाही. तोपर्यंत हाच कायदा. मालकाने विमा उतरवला असेल तर कंपनी त्याचे ओझे वाहते. कंपनीने वाहिले नाही म्हणून ओझे मालकाच्या डोक्यावरून उतरत नाही. हजेरी लागली का, मजुरी घेतली का, एवढ्यावर ते ठरत नाही. कोणाच्या हुकमाने व कोणाच्या धंद्यासाठी माणूस यंत्रापाशी गेला हे पाहतात. माणूस दारूच्या नशेत होता किंवा मुद्दाम नियम मोडला असे दाखवले तर मालक सुटू शकतो. शामकलाबाई म्हणाल्या, "वकील साहेब बोलले, आता ते दारू काढतील. पाहा तुमी." वकिलांची नोटीस सेठजींना पोचल्यावर तीन दिवसांनी मुनीमजींचा अर्ज या ठाण्यात आला. त्यात दारू आहे.

जाताना शामकलाबाई एवढेच म्हणाल्या, "हात गेला त्याचा रडून झाला माझा. पर ते तिथं तमाशा पाहाले गेले होते, असा कागदावर नका राहू देऊ, भाऊजी. तीस वर्षं झाली त्याईले त्या इंजिनावर."

विचारल्यावरून सांगतो की, काल संध्याकाळी मुनीमजी सायकलने कुडव्याला माझ्या घरी आले होते. म्हणाले, "देखो दुधराम, कल थाने में वही बोलना जो बीमावाले साहब को बोला था. नया कुछ नहीं. तूने झूठ थोड़े ही बोला है." मी विचारले, "और दारू का?" ते म्हणाले, "उसका तुझे क्या करना है? तू बोल दे, मेरा ध्यान नहीं था." मग म्हणाले की नवीन मिस्त्री टिकणारा नाही, सेठजींच्या मनात मला मिस्त्री करायचे आहे. "अगले पाडवा को दुपट्टा तेरे गले में." मी म्हणालो, "मुनीमजी, मेरे गले में मत डालो." ते म्हणाले, "फिर बॉयलर भी मत छूना." माझी बायको दारात उभी होती, तिने हे ऐकले आहे. आज सकाळी मी कामावर गेलो तेव्हा बॉयलरवर दुसरा माणूस होता. मी तिथून चालत ठाण्यात आलो.

पुन्हा विचारल्यावरून सांगतो की, विमा कंपनीच्या साहेबांपुढे मी यादोराव मानाने आले होते असे लिहून दिले व आज ते कामावर होते असे सांगतो, हे परस्परविरोधी आहे हे मला वाचून दाखवण्यात आले. माझे म्हणणे असे की, मजुरी न घेणे ही आमची रीत आहे. ती आम्ही आमच्या श्रद्धेने पाळतो. तिचा फायदा घेऊन सेठजींनी आम्हाला पाहुणे ठरवू नये. पाहुण्याला कोणी पहाटे पाचला भट्टी पेटवायला लावत नाही. पाहुण्याच्या हातात पट्टा सरकवायचा बांबू देत नाहीत. त्या दिवशी भरडलेले धान सेठजींचे होते, तांदूळ सेठजींच्या घरी गेला व कोंडा सेठजींच्या भट्टीत जळला. मी कामावर होतो. मला त्याची हजेरी नको. पण मी कामावर होतो व यादोराव मिस्त्री कामावर होते, आणि सेठ मुन्नालाल मालक म्हणून समोर उभे राहून हुकूम देत होते.

या जबाबाची नक्कल भंडाऱ्याला नुकसानभरपाईचे प्रकरण चालेल तिथे कामी यावी अशी माझी विनंती आहे. तिथे बोलावले तरी मी हेच सांगेन.

माझा जबाब हवालदारसाहेबांनी मराठीत लिहून मला सावकाश वाचून दाखवला. त्यात तीन ठिकाणी 'जखमी इसम' असे लिहिले होते. तिथे माझ्या सांगण्यावरून 'यादोराव मिस्त्री' अशी दुरुस्ती केली व प्रत्येक दुरुस्तीजवळ मी सही केली. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही: दुधराम सोमा मेंढे