कालिंदीताईंचं प्रमाण

वैदेही: म्हणजे कॉम्प्युटरवरच्या यादीतली कालिंदीताईंची ओळ तुम्हीच काढलीत, आई.

बकुळा: काढली. सर्वपित्री अमावास्येला बसून काढली. गेलेल्या माणसांची नावं गिऱ्हाइकांच्या यादीत कशाला? रेशनकार्डावरून काढतात, मतदारयादीतून काढतात...

वैदेही: मतदारयादीतून कुठे काढतात!

बकुळा: बरं, रेशनकार्डावरून. अकरा नावं होती. एकेकाला नमस्कार करून काढली.

वैदेही: नावाबरोबर त्यांच्या मसाल्याचं प्रमाणही गेलं. सगळं एकाच ओळीत असतं.

बकुळा: ते आत्ता कळतंय. मला वाटलं, गेलेलं माणूस मसाला कशाला मागवतंय?

वैदेही: रुपालीने मागवलाय. कालिंदीताईंच्या मुलीने, बडोद्याहून. वेबसाइटवर लिहिलंय, 'पाच किलो. आईचा नेहमीचा. तिच्या वर्षश्राद्धाला हवा.' तिला काय कळवू?

बकुळा: थांब, आठवते. बेडगी मिरची दोन किलो, तिखटाला संकेश्वरी... पाव? की अर्धा? धणे किलोभर. दगडफूल... नाही गो. चारशे घरांचे चारशे मसाले. लालबागात तीस वर्षं कुटून देतेय, पण डोक्यात आपल्याच घरचा राहतो.

वैदेही: जुनी वही?

बकुळा: तूच म्हणालीस, सगळं टाइप झालं, आता रद्दीत द्या.

वैदेही: म्हणाले. चूक माझी.

बकुळा: चुलीत गेली चूक. पेनड्राइव्हवर बघ की. मी दर शनिवारी प्रत काढते. दारावरचं लिंबू-मिरची बदललं की लगेच. एक शनिवार चुकवलेला नाही.

वैदेही: बघितलं. गेल्या शनिवारची एकच प्रत आहे. आधीच्या कुठे गेल्या?

बकुळा: टाकल्या. नवीन बांधल्यावर जुनं ठेवतात का?

वैदेही: आई, ते लिंबू-मिरचीचं! प्रती जुन्याही ठेवायच्या, तारीख घालून. चूक झाली की लगेच कळते असं नाही.

बकुळा: शिकवताना हे नव्हती बोललीस.

वैदेही: नव्हते. आमच्या प्रयोगशाळेत जुनी नोंद कुणी फाडत नाही. मला वाटलं, हे सांगायला कशाला हवं.

बकुळा: आणि ते ऑनलाइन असतं ते?

वैदेही: तिथे पुसलेलं तीस दिवस राहतं. सर्वपित्रीला दोन महिने होतील. निळा पेनड्राइव्ह कुठे आहे? एक प्रत दुकानाबाहेर ठेवायची म्हणून घेतला होता तो.

बकुळा: तो कमलाबाईकडे. गणपतीत नणंदेकडे गिरगावला गेले, तेव्हा ठेवून आले.

वैदेही: दर महिन्याला आणून त्यात नवीन भरायचं ठरलं होतं.

बकुळा: ठरलं होतं. चार जिने आहेत तिच्याकडे. या गुडघ्यांनी?

वैदेही: म्हणजे आणलाच नाहीत?

बकुळा: ओरडू नको.

वैदेही: ओरडत नाही हो! गणपती आधी, सर्वपित्री नंतर. म्हणजे त्यात अकराही ओळी असतील. मी निघालेच.

बकुळा: आधी फोन कर. ठेव म्हणून सांभाळतेय ती. तुझ्या हातात सहज द्यायची नाही.

(दोन तासांनी. वैदेही गिरगावहून परतली आहे.)

बकुळा: दिला?

वैदेही: आधी चहा, मग चौकशी, मग पेनड्राइव्ह. देव्हाऱ्यात होता, कुंकवाच्या करंड्याशेजारी. वर अक्षता.

बकुळा: ती तशीच. चालतोय का पण?

वैदेही: बघते. उघडून बघितल्याशिवाय प्रत आहे असं म्हणू नये. तेही मी कधी केलं नव्हतं... आली. अकराही आहेत.

बकुळा: देवा महाराजा.

वैदेही: आता या परत यादीत घालते आणि तारखेची प्रत काढते. यापुढे जुनी काढायची नाही.

बकुळा: नाही काढत. तू त्या यादीचं नाव तेवढं बदल. गिऱ्हाइकं नको. घरं लिही. माणूस गेलं तरी घर राहतं, मग पुसायला माझा हात जायचा नाही.

वैदेही: लिहिलं. आई, कालिंदीताईंच्या ओळीत दोन प्रमाणं आहेत.

बकुळा: दोन?

वैदेही: एक 'घरचा'. त्यात संकेश्वरी एक किलो. खाली 'रुपालीला पाठवायचा'. संकेश्वरी पाव, धणे आणि बडीशेप जास्त. शेरा तुम्हीच सांगितलेला असणार: 'पोटाला सोसत नाही. तिला सांगू नये.'

बकुळा: अगो बाई, हो! इथेच उभी राहून सांगितलं होतं तिने. म्हणाली, लेक सासरी सगळ्यांना सांगते, मी आईइतकं तिखट खाते. खाऊ दे, म्हणाली. हसत होती.

वैदेही: आता मागितलाय तिने आईचा नेहमीचा. म्हणजे वरचा.

बकुळा: तिला नेहमीचा म्हणजे खालचाच माहीत.

वैदेही: पण श्राद्धाचं काळ्या वाटाण्याचं सांबारं आईच्या चवीचं व्हायला हवं ना? निदान तिला विचारून...

बकुळा: शेरा परत वाच.

वैदेही: 'तिला सांगू नये.'

बकुळा: मग? संकेश्वरी पाव किलो तोल.