फाइलची प्रत जोडावी

अहो, अभिनंदन कसलं करताय? लेख स्वीकारला म्हणे! इथे माझं डोकं फिरायची वेळ आलीय आणि तुम्ही हात काय मिळवताय... बसा आधी. सगळं ऐका, मग ठरवा अभिनंदन करायचं की सांत्वन.

मी लॉ कॉलेजात शिकवतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, दोन वर्षांपूर्वी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्यात भुलीचं कुठलंसं औषध तिला असं बाधलं की तीन दिवस बाई शुद्धीवर नव्हती. आता दुसरं ऑपरेशन करायचंय आणि नवे सर्जन म्हणतात, ते औषध कुठलं ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही. बरोबरच आहे त्यांचं! पण ते लिहिलंय कुठे? जुन्या हॉस्पिटलच्या फाइलीत. फाइल कुठे? तिथल्या रेकॉर्ड रूमच्या खिडकीपलीकडच्या कपाटात. आणि खिडकीवर रेकॉर्डवाले, चष्मा कपाळावर, नजर रजिस्टरात... "फाइल हॉस्पिटलची असते. पुढच्या आठवड्यात या." अहो, पण पोट माझ्या बहिणीचं ना? आठ आठवडे गेलो, तुम्हाला सांगतो! तिथल्या बाकाला माझी बसण्याची जागा पाठ झाली.

मग मी पेटलो. म्हटलं, लिहितोच. पेशंटची फाइल पेशंटला का मिळत नाही, यावर सणसणीत लेख. आरोग्य कायद्याचं ते त्रैमासिक नाही का, तिकडे पाठवला. चौथ्या दिवशी परत! खाली एकच ओळ, "कृपया लेखकांसाठीच्या सूचना पाहाव्यात." सूचना किती? एकोणीस पानं! लेख माझा अकरा पानांचा! तपासणाऱ्याला लेखक कळता कामा नये, म्हणून माझं नाव काढा, "मी" काढा, "माझी बहीण" काढा. काढलं. ताईला वाचायला दिला तर म्हणते, "कोण रे ही महिला रुग्ण? बिचारीचे फारच हाल झाले."

पुन्हा पाठवला. पहिले तपासनीस म्हणाले, लेख भावनेच्या भरात लिहिलाय. दुसरे म्हणाले, लेखात भावनाच नाही, एखादं खरं उदाहरण घाला. आता मी काय करू, एका डोळ्याने रडू? घातलं उदाहरण, ताईचंच. तर पत्र आलं. छापील शीर्षक, गोल शिक्का, ऐटदार सही... "उदाहरणातील रुग्णाच्या फाइलची प्रमाणित प्रत जोडावी."

फाइल! अहो, फाइल मिळत नाही हाच तर लेख आहे! त्रैमासिकाच्या कचेरीत फोन केला. तिकडच्या बाई इतक्या गोड बोलल्या की भांडताही येईना. "समजतंय मला, सर. पण कृपया लेखकांसाठीच्या सूचना पाहाव्यात."

चिडून ते पत्र घेऊन तसाच खिडकीवर गेलो आणि रेकॉर्डवाल्यांसमोर आपटलं. त्यांनी चष्मा खाली घेतला. शीर्षकातलं "कायदा" वाचलं, शिक्का पाहिला आणि उठलेच! चार मिनिटांत फाइल. वर म्हणतात, "बसा ना साहेब." त्या बाकावर बसायला सांगितलं हो मला, आठ आठवडे तिथे झिजल्यावर! औषधाचं नाव सर्जनना कळलं, ताईचं ऑपरेशन झालं, आता ठणठणीत आहे. खरं सांगतो, त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडलो.

आणि लेख? प्रत जोडून पाठवला, तर उत्तर काय? "फाइल मिळाल्याने आपला मुद्दा सिद्ध होत नाही. लेख साभार परत."

ताई म्हणाली, "जाऊ दे रे. लेखापेक्षा ते पत्रच कामाचं." झालं! तिने हे शेजारच्या काकूंना सांगितलं. त्यांच्याही फाइलीसाठी एक लेख लिहिला, पत्र आलं, फाइल मिळाली, लेख परत. मग आमचा लॉन्ड्रीवाला आला. त्याच्या सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन अडलंय, तीच खिडकी, तेच "पुढच्या आठवड्यात या". लिहिला तिसरा. जीव ओतून लिहिला.

आणि काल उत्तर आलं... "लेख स्वीकारला आहे. आपल्या आधीच्या लेखांचे पुरावे चोख असल्याने या वेळी प्रत जोडण्याची आवश्यकता नाही."

आता काय करायचं? ते स्वीकारपत्र दाखवलं खिडकीवर. "छान," रेकॉर्डवाले म्हणाले, "पण फाइल द्या असं यात कुठे लिहिलंय?" फोन केला, म्हटलं, बाई, पाया पडतो, प्रत मागा हो माझ्याकडे! तर त्या म्हणतात, "अभिनंदन, सर. बाकी कृपया लेखकांसाठीच्या सूचना पाहाव्यात."

पाहिल्या. शेवटच्या पानावर शेवटची ओळ, स्वीकारलेला लेख मागे घेता येत नाही. आणि खाली लॉन्ड्रीवाला उभा आहे, माझ्या शर्टांची घडी घेऊन. त्याच्याकडे बघवत नाही हो...

म्हणून सकाळपासून चौथा लेख लिहायला बसलोय. सासऱ्यांवरच. या खेपेला जरा वाईट लिहितोय.