प्यो साहेब, खाली उतरा!

फुटबॉलचा सामना घरच्या मैदानावर पाच-शून्यने हरलो, तेव्हा कोरियातल्या रिवाजाप्रमाणे आम्ही चाहत्यांनी आमच्याच संघाच्या बससमोर ठिय्या मांडला. प्रशिक्षकाने, म्हणजे प्यो साहेबांनी, उतरून कमरेत वाकून माफी मागायची, मगच बस सोडायची. माझ्या पुढ्यात एक आजोबा आणि एक बाई किंबाप, म्हणजे भाताच्या गुंडाळ्या, खात बसले होते.

"खेळायचा तेव्हा काय बचाव करायचा गं हा प्यो! माशी जायची नाही त्याच्या मागून."

"आता अख्खी वरात जाते, आजोबा."

"पोरांना शिकवता येत नाही त्याला."

"नुसतं आडवं उभं राहायला काय शिकवायचंय? आपण बघा, तासभर बस हलू दिली नाही."

"मग शनिवारी आपल्यालाच खेळव म्हणावं."

"आधी उतरू तर दे! ओ ड्रायव्हरदादा, प्यो साहेबांना पाठवा खाली!"

"साहेब? ते मघाशीच टॅक्सीने गेले."

"गेले? कुठून?"

"मागच्या फाटकातून. तुम्ही सगळे पुढेच बघत होतात ना."

आजोबांनी हातातला किंबाप खाली ठेवला.

"पाचही गोल अस्सेच झाले गं."