गडग्यापलीकडची करवंदं

—नाही, आश्लेषा, करवंदीची जाळी आजच तोडायची. चंदर कोयता घेऊन पायरीवर बसलाय बघ. तुझ्या आईनेच पाठवलं ना तुला, वाटीभर करवंदं देऊन? ठेव तिथे. आमच्याच करवंदीचा आम्हालाच वानोळा! — बस गं, तुझ्यावर नाही रागावले. ह्यांना मी तेव्हाच म्हटलं होतं, पोफळींच्या सावलीत करवंद धरत नाही, त्याला ऊन लागतं. ऐकलं? मुद्दाम गडग्याला चिकटवून लावली. माती आमची, पाणी आमचं, काटे माझ्या हाताला — नि फांद्या मेल्या उन्हाच्या ओढीने गडग्यावरून तुमच्या अंगणात! बारा वर्षांत इकडे मूठभर धरली असतील तर शपथ. तिकडे मात्र लगडलेली. मग काय, संध्याकाळ झाली की हे गडग्याशी उभे, पलीकडून तुझी आई — 'देवू, कोंबडा की कोंबडी?' देवू! बत्तीस वर्षांत मी ह्यांचं नाव घेतलं ते उखाण्यात, तेवढंच. आणि मी मुंबईची, मला काय कळणार? वाटलं, कोंबड्या पाळायचं घाटतंय दोघांचं. आमच्या घरात अंडं शिजत नाही! विचारलं, तर हसत सुटले. 'अगं, शाळेतला खेळ आमचा. करवंद चावायचं — आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं तर कोंबडी.' बरं, खेळ तर खेळ. मग मला का नाही विचारलं कधी? एकदा तरी? मी मुद्दाम ताटात वाढली करवंदं — तर आंबट आहेत म्हणून मीठ मागितलं.

पौषात, दवाखान्यात — जाऊ दे. काय सांगत होते? हां, जाळी. … नाही, सांगतेच. जायच्या आदल्या दिवशी ग्लानीत होते. माझा हात धरला नि म्हणाले, 'कोंबडा की कोंबडी?' मी हात सोडवून घेतला. वाटलं, तिलाच विचारतायत. — पण हात माझा होता ना गं?

काय? काय विचारलंस तू आत्ता? आईने शिकवलं वाटतं. … बरं, दे एक. कोंबडी म्हणते मी.

…

लाल निघालं.

जा तू आता. वाटी राहू दे, धुऊन देईन. आणि जाताना चंदरला सांग, कोयता — आज राहू दे म्हणावं.