गॅरेजमधली गाडी

आमच्याकडे गाडी नव्हती, पण गॅरेज होतं, हे सांगितलंय का तुम्हाला? नव्वदच्या आसपास बाबांनी चेण्याला घर बांधलं, त्याला लागूनच गॅरेज. वायरमनने विचारलं, "साहब, सॉकेट किधर दूँ?"

बाबा रिकाम्या गॅरेजच्या मधोमध खुर्ची टाकून बसले. नसलेलं दार उघडून उतरले आणि हात लांब करून भिंतीला टेकवला. "इधर."

"और लाइट?"

"बोनेट के ऊपर."

आई दारातून म्हणाली, "अहो, आधी गाडी तरी घ्या!"

संध्याकाळी बल्ब लागला. त्या पिवळ्या उजेडात बाबा नुसतेच बघत उभे राहिले. आई चहा घेऊन आली, पण मधून सरळ न येता अंग चोरून, भिंतीच्या कडेने.

मी म्हटलं, "अशी काय येतेस?"

"अरे, बांगड्या लागून गाडीच्या रंगावर ओरखडा पडायचा."