देवाची मेंढी वजा करून

उठू नका हो मायाप्पा, बसा की — तानी नळावरनं येईलच इतक्यात, आज रांग मोठी असणार. तोवर माझं ऐका. पोरीला शाळेतनं काढून घरी न्यायची म्हणता — बाप आहात, न्याल. पण मी तिची मास्तरीण, मला दोन शब्द बोलू द्या. ही पाटी बघा. वाचता येत नाही? मी सांगते की. पुस्तकात गणित होतं — एका मेंढीची दोन शेर लोकर, तर कितीही मेंढ्या असोत, लोकर किती निघेल ते एका ओळीत मांडा. हसू नका, पुस्तक लिहिणाऱ्यानं मेंढी कशाला पाहिली असेल! मेंढ्या किती ते ठाऊक नाही, म्हणून त्यांना म्हणायचं क्ष, आणि लोकरीला य. य बरोबर दोन क्ष. झालं! कळप वाढो की घटो, ओळ तीच. पण तुमच्या लेकीनं काय केलं? आधी क्षमधनं एक वजा केला, मग दुप्पट केली. मी चूक म्हणून फुली मारली, तर मलाच विचारते — "बाई, बिरोबाला सोडलेल्या मेंढीला कातर कुणी लावली?" अय्यो, मी एवढी हसले, एवढी हसले — शेजारची रंभाबाई बघायला आली, नीलम्माला झालं तरी काय म्हणून. या खोलीतनं हसणं कधी ऐकलंच नव्हतं ना तिनं. फुली मात्र पुसली नाही हं मी, परीक्षेत पुस्तकातलंच लिहावं लागतं.

तर काय सांगत होते — हां, पोरगी लई हुशार. तिची मावशी केराबाई गिरणीत दुसऱ्या पाळीला जाते, म्हणून संध्याकाळची ती माझ्याकडंच. मी स्वैपाक करते, ती चुलीपुढं बसून समीकरणं मांडते. एकदा म्हणाली, बाई, आज भाकरीचं मांडू. माणशी दोन भाकरी, म्हणजे पुन्हा दोन क्षच की — मग क्षच्या जागी दोन माणसं घातली, आणि चार भाकरी आल्या. मी आपली परातीतल्या पिठाकडं बघत बसले. कळायच्या आधीच कुंकू पुसलं माझं, पुढं पुण्याला शिकले, हितं नोकरीला लागले — पण क्ष म्हणजे मी एकटीच, रोज दोन भाकरी, पाहुणा नाही, रावळा नाही — आता हे तुम्हाला कशाला सांगतेय मी? लेकीचं बोलू.

अजून दोन वर्षं ठेवा तिला. मास्तरीण होईल हो ती, माझ्याहून चांगली. घरी नेऊन काय, बाळाला जोजवत बसेल — आणि बाळ तसं शांत आहे म्हणे, तुमच्या गावचा सोमलिंग सांगत होता, आईच्या तोंडावर गेलाय अगदी... काय? हो. आला होता सोमलिंग. तानीला भाऊ झाला, बारशाला पाठवा, असा निरोप माझ्याकडंच दिला त्यानं, केराबाई पाळीला गेली होती ना. तिला? सांगणार होते मी. परीक्षा होती म्हणून म्हटलं — नव्हती, मायाप्पा. परीक्षा तर कधीच उरकली होती. ऐकलं असतं तर पळत सुटली असती पोरगी, आणि मग तुम्ही परत पाठवली असती का? नसतीच की. म्हणून नाही सांगितलं. ती रोज विचारायची, गावाकडनं काही कळलं का बाई, आणि मी भाकरी उलटत नाही म्हणायची. नाव काय ठेवलं? बिरप्पा. चांगलं आहे. ओरडा की माझ्यावर!

ही आली बघा. तानी, आधी घागर खाली ठेव. आप्पा तुला न्यायला आलेत. तुला भाऊ झालाय — बिरप्पा नाव ठेवलंय. बारसंही होऊन गेलं, मी तुला कळू दिलं नाही. माझ्याकडं नको बघू अशी, कपडे बांध. आज चूल नको पेटवू — नको म्हटलं ना! परत कधी पाठवाल हे विचारायला तोंड नाही मला, मायाप्पा. निघा आता, उजेड आहे तोवर. आणि जाताना दार ओढून घ्या.